१५ मेनंतरही झाडावर आंबा असतो : देवगडहून शासनास खुले पत्र

प्रति,
मा. सचिव महोदय,
कृषी विभाग, मत्स्यव्यवसाय विभाग आणि मदत व पुनर्वसन विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : कोकण किनाऱ्यावरील फळपीक विमा, बंदर आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या तारखा बदलण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी देवगड तालुक्यातली आंबा बागायतदार. लग्न होऊन या गावात आले त्याला एकतीस वर्षं झाली. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आमची हापूसची दीडशेच्या आसपास कलमं आहेत, घरामागे रतांब्याची (कोकमाची) सहा झाडं आणि खाडीकडे उतरताना भाताचे चार कुणगे, म्हणजे छोटी खाचरं. शेजारी एक तांडेल, म्हणजे मासेमारी नौकेचे प्रमुख, राहतात, त्यामुळे बंदरावरचं बरंवाईट रोज संध्याकाळी आमच्या पडवीत येऊन बसतं. तीन विभागांना एकच पत्र लिहिते आहे, कारण आमच्याकडे आंबा, भात आणि मासळी ही तिन्ही एकाच वाडीत असतात आणि वादळ आलं की तिन्ही एकाच दिवशी जातात.

मला तारखांबद्दल बोलायचं आहे. विम्याची मुदत, मान्सूनपूर्व कामं, पावसाळी नियंत्रण कक्ष, मासेमारीबंदी, या सगळ्यांच्या तारखा जो समुद्र बघून ठरवल्या गेल्या तो समुद्र आता तसा वागत नाही. तारखा मात्र होत्या तिथेच आहेत. त्या बदला, एवढं मागण्यासाठी हे पत्र.

हवामानावर आधारित फळपीक विम्यात आंब्याला अवेळी पाऊस आणि वेगाचा वारा यांच्यापासून मिळणारं संरक्षण १५ मे रोजी संपतं. तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून वर सरकलं ते १६ मे २०२१ रोजी.

त्या आदल्या शनिवारी आम्ही दिवसभर तोड केली. इशारा मिळाला होता, तो वेळेत मिळाला होता हे मी आवर्जून सांगते. हाताला येईल तेवढा माल उतरवायचा ठरवलं. झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) फिरवून फिरवून गड्यांचे खांदे भरून आले, अंधार पडला तेव्हा निम्मी बागसुद्धा झाली नव्हती. रात्री वारा फिरला. रविवारी सड्याकडे तोंड करायची सोय नव्हती, माडांची चुडतं अंगणात आडवी येऊन आपटत होती, पडवीची कौलं एकेक करून जात होती. आम्ही सगळे माजघरात बसून होतो. सोमवारी सकाळी वर गेलो.

प्रत्येक कलमाखाली हिरव्या फळांचं रिंगण होतं. हापूस आपटला की देठाजवळ फुटतो, चीक उडतो आणि ज्या फळाला तो लागतो ते काळं पडतं. रात्रभर पाऊस आणि चीक एकत्र होऊन सगळी फळं डागाळली होती. अढीत घालून पिकतील अशी वेचायला गेलो, चार तासांत दोन क्रेट भरले नाहीत. कॅनिंगला, म्हणजे रस डबाबंद करणाऱ्या कारखान्यांना, किलोवर जो माल जातो, त्याची गाडी यायला रस्ता नव्हता. झाडं आडवी पडली होती, वर लॉकडाऊन होता. आणि पश्चिमेच्या कडेची दोन जुनी कलमं मुळांसकट उलटली होती. आमच्याकडे सड्यावर माती नसते, कातळ असतो. माझ्या सासऱ्यांनी सुरुंग लावून खड्डे फोडले होते आणि खालच्या मळ्यातून पाट्यांनी माती वाहून आणून ते भरले होते. त्या उघड्या पडलेल्या खड्ड्याच्या भिंतीला मुळांची जाळी तशीच चिकटून राहिली होती, झाड निघून आलं तरी. सासूबाई तिथे बराच वेळ हात लावून उभ्या होत्या. लाईट आमच्याकडे दहाव्या दिवशी आली.

विम्याचं विचारायला गेले तेव्हा टेबलापलीकडच्या माणसाने कागद माझ्याकडे फिरवला आणि तारखेवर बोट ठेवलं. तो उद्धट नव्हता. त्याच्या हातात काही नव्हतं. शासनाने नंतर मदत दिली, ती मिळाली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मदत म्हणजे कोणीतरी दिलेली, विमा म्हणजे आपण हप्ता भरून घेतलेला. वर्षभर हप्ता भरायचा आणि ज्या दिवशी त्याची गरज लागली तो दिवस मुदतीबाहेर, असं एकदाच झालं असतं तर नशीब म्हणून सोडून दिलं असतं.

एकदाच झालं नाही. २०२५ सालचा मे आठवा. विसाव्या तारखेच्या सुमारास आमच्याकडे पाऊस सुरू झाला. २४ मे रोजी अरबी समुद्रातला कमी दाबाचा तीव्र पट्टा रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान किनाऱ्यावर आला. २५ मे रोजी मोसमी पाऊस महाराष्ट्रात दाखल झाल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं आणि त्या दिवशी नकाशावरची मान्सूनची रेषा आमच्या देवगडातूनच काढली होती. दुसऱ्या दिवशी, २६ मे रोजी, तो मुंबईत होता. मुंबईची त्याची नेहमीची तारीख ११ जून. म्हणजे पंधरा दिवसांहून आधी. त्या दिवशी माझ्या बागेत शेवटची तोड व्हायची होती.

आता तुमच्याकडचे कोणी म्हणतील, मेच्या अखेरीपर्यंत आंबा झाडावर ठेवताच कशाला? याचं उत्तर जरा सविस्तर द्यावं लागेल, कारण सगळा घोळ इथेच आहे.

हापूसला मोहोर यायला दोन गोष्टी लागतात. पाऊस थांबल्यावर मुळांना ताण बसायला हवा आणि मग रात्रीची थंडी पडायला हवी. पूर्वी दसरा झाला की आकाश स्वच्छ व्हायचं, ऑक्टोबरचं ऊन कातळ तापवायचं, दिवाळीनंतर सकाळी अंगावर शाल लागायची आणि मोहोराचे पहिले तुरे दिसायचे. आता पाऊस दसऱ्याला थांबत नाही. २०२५ मध्ये दिवाळीच्या पणत्या आम्ही पावसामुळे अंगणातून पडवीत आणल्या. जमिनीत ओल राहिली की कलम मोहोरायचं सोडून पालवत राहतं. लाल कोवळी पालवी दिसायला सुंदर, पण बागायतदाराच्या पोटात ती बघून गोळा येतो. ती पालवी निबर व्हायला महिने जातात, मग मोहोर येतो तो डिसेंबरच्या शेवटी नाहीतर जानेवारीत. त्यातही मध्येच ढगाळलं की तुडतुडे, थंडीचा कडाका लांबला की पुनर्मोहोर, म्हणजे झाडावर कणी धरलेली असताना पुन्हा नवा मोहोर फुटतो आणि आधीची फळं गळतात. फवारण्या वाढतात. जानेवारीच्या मध्यावर धरलेलं फळ तयार व्हायला चार महिने घेतं. हिशेब करा. मेचा मध्य येतो.

म्हणजे आंबा आम्ही झाडावर ठेवत नाही. आंबा उशिरा येतो. एका बाजूने पावसाळा मागे लांबल्यामुळे हंगाम पुढे ढकलला जातो आणि दुसऱ्या बाजूने पावसाळा आधी येऊन तो कापतो. मधल्या काळात फेब्रुवारी-मार्चची उष्णता. किनाऱ्यावर ३७ अंश आणि सरासरीहून साडेचार अंश जास्त अशी नोंद झाली की हवामान खातं उष्णतेची लाट धरतं. २०२५ मध्ये कोकणाला तसा इशारा फेब्रुवारीतच द्यावा लागला. पूर्वेकडून जमिनीवरचा कोरडा वारा जोर धरतो, दुपारचा खारा वारा यायला उशीर होतो आणि तेवढ्या दोन-तीन तासांत सुपारीएवढी फळं देठातून सुटतात. हे सगळं सोसून जे उरतं ते मेमधे तोडीला येतं. आणि त्याच्यासाठी विमा नाही.

लवकर आंबा आणायचे उपाय आहेत. मोहोर लवकर आणणारं कल्टार हे औषध आहे, पैसा आहे त्यांना ते जमतं, मार्चमध्ये वाशीच्या बाजारात पेटी पाठवून चांगला भाव घेणारे बागायतदार आमच्याच तालुक्यात आहेत. मला त्यांचा हेवा नाही. पण मधल्या आणि लहान बागायतदाराचा हिशेब मेवर चालतो. एप्रिलच्या पेट्यांमधून खत, फवारणी, राखणदारांचा पगार आणि पेट्रोल निघतं. घरात उरतात ते मेच्या मालाचे पैसे, कॅनिंगला किलोवर जाणाऱ्या मालाचे सुद्धा. २०२५ मध्ये नेमके तेच गेले.

आणि रतांबे. याच्याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते.

रतांबा मेमध्ये पिकतो. फोडून बिया काढायच्या, बियांवरच्या गरात मीठ घालून आगळ, म्हणजे खारवलेला रस, करायचं आणि सालं उन्हात घालायची. एका उन्हात आमसूल होत नाही. सुकलेली सालं पुन्हा त्या रसात बुडवायची, पुन्हा वाळत घालायची, अशी पुटं द्यायची. पुटं जितकी चांगली तितकं आमसूल काळं, मऊ आणि आंबट. यात घरातल्या बायकांचे पंधरा दिवस जातात आणि यातून येणारे पैसे बहुतेक घरांत बाईच्या हातात राहतात. मुलीची फी, दवाखाना, गणपतीचा खर्च यातून निघतो. २०२५ च्या मेमध्ये आमच्या खळ्यात तिसऱ्या पुटाची सालं पसरलेली होती. पाऊस आला तशी गोळा करून पडवीत घातली, मग माजघरात दोऱ्या बांधून चादरींवर घातली, चुलीच्या वर टांगली. पाचव्या दिवशी हात फिरवला तर बोटांना पांढरी बुरशी आली. झाडावरचे रतांबे पावसाने गळून चिखलात. यासाठी पंचनाम्यात रकाना नाही. तलाठी भले होते, त्यांनी वहीत लिहून घेतलं, पण कुठल्या सदराखाली लिहू असं त्यांनी मलाच विचारलं.

आंब्याची साटं, फणसाच्या पोळ्या, सुके बांगडे, जळाऊ लाकडं, ही सगळी पावसाळ्याची बेगमी आम्ही मेच्या शेवटच्या पंधरवड्यातच करतो. ती त्या वर्षी कोणाचीच धड झाली नाही.

भाताबद्दल थोडक्यात. रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमारास लागतं, तेव्हा कोरड्या मातीत धूळवाफेची पेरणी करायची आणि मिरगाचा पाऊस त्यावर पडायचा, ही आमची पिढ्यांची रीत. त्या वर्षी रोहिणी लागली तेव्हा कुणग्यांत पाणी उभं होतं. सासूबाई बांधावर उभ्या राहून म्हणाल्या, "मिरगाच्या आधीच पाणी ऱ्हवला. आता धूळवाफ खंय करतलंस?" मला उत्तर देता आलं नाही. दुसरं टोक ऑक्टोबरचं. २०१९ साली क्यार चक्रीवादळाच्या पावसात कापणीला आलेलं भात आडवं झालं आणि लोंबीतच दाण्यांना कोंब आले. मदतीच्या निकषात बसायला ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान दिसावं लागतं आणि सामायिक सातबाऱ्यावर बारा नावं असतात, त्यातली आठ मुंबईत. संमतिपत्रं गोळा करता करता कोंब आलेलं भात गुरांच्या पुढे जातं.

हे सगळं देवाच्या मनात आलं म्हणून होत नाही, हे आता आम्हालाही कळतं. अरबी समुद्र तापतो आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ ते २००० आणि २००१ ते २०१९ या दोन कालखंडांची तुलना केली आहे. दुसऱ्या कालखंडात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली आणि वादळं समुद्रावर टिकून राहण्याचा एकूण काळ ८० टक्क्यांनी. २०१९ या एकाच वर्षात वायू, हिक्का, क्यार, महा आणि पवन अशी पाच चक्रीवादळं या समुद्रात झाली. आमच्या लहानपणी चक्रीवादळ म्हटलं की ओडिशा आणि आंध्र डोळ्यांपुढे यायचं.

यातली एक गोष्ट तुमच्या तारखांच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. ऐन पावसाळ्यात वरच्या आणि खालच्या थरांतले वारे वेगवेगळ्या दिशांनी इतके जोरात वाहतात की चक्रीवादळाला उभं राहायला जागा मिळत नाही. म्हणून ती होतात पावसाळ्याच्या तोंडावर, मे-जूनमध्ये, आणि पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. फयान ११ नोव्हेंबर २००९ रोजी आलं. ओखी डिसेंबर २०१७ मध्ये. तौक्ते मेमध्ये. निसर्ग ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा रत्नागिरीला मिऱ्याच्या बंधाऱ्यावर बसरा स्टार हे अख्खं जहाज येऊन आदळलं. आणि आपले पावसाळी नियंत्रण कक्ष १ जूनला उघडतात. नालेसफाई, वीजवाहिन्यांवरच्या फांद्या तोडणं, धोकादायक झाडं, दरडींची पाहणी, ही कामं मे अखेरपर्यंत संपवायची असतात, म्हणजे प्रत्यक्षात मेच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होतात. २०२५ मध्ये त्या आठवड्यात पाऊसच कोसळत होता. खांबावर चढणारी मुलं भिजत, जीव मुठीत धरून काम करत होती, त्यांना दोष देणं पाप होईल. त्यांना ते काम एप्रिलमध्ये सांगायला हवं होतं.

हवामान खात्याने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या स्वतःच्या तारखा बदलल्या. आधीच्या तारखा १९०१ ते १९४० या काळातल्या नोंदींवर होत्या. त्या बाजूला ठेवून अलीकडच्या दशकांवरून नव्या काढल्या. मुंबईतून पाऊस परत फिरण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. ज्या खात्याच्या नोंदींवर सगळ्या योजना उभ्या आहेत त्या खात्याने आपलं वेळापत्रक दुरुस्त केलं. मग त्यावर अवलंबून असलेली आपली परिपत्रकं जुन्याच तारखांवर का राहावीत?

बंदराकडे येते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. मासळीच्या विणीचा काळ म्हणून ती हवीच, आमचे तांडेलही तेच म्हणतात, उलट नारळी पौर्णिमेपर्यंत थांबायची जुनी रीत जास्त शहाणपणाची होती असं त्यांचं मत आहे. पण बंदी उठल्यावर काय? यंदा ऑगस्टमध्ये समुद्र खवळलेला, सप्टेंबरमध्ये इशारे, ऑक्टोबरच्या सुरुवातीला शक्ती चक्रीवादळ, महिनाअखेरीस पुन्हा कमी दाब. खलाशांना आगाऊ रक्कम दिलेली, डिझेल भरलेलं, बर्फ घेतलेला, आणि बंदरावर धोक्याच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा. परवा तांडेल पडवीत बसून म्हणाले, "वैनी, बावटो उतरलो काय आमी दर्यात. यंदा तो उतराकच तयार नाय." इशारा पाळला म्हणून माणसं वाचतात. फयानच्या वेळी निरोप पोचले नव्हते, रत्नागिरी-सिंधुदुर्गातले किती मच्छीमार परत आले नाहीत हे त्यांच्या घरच्यांना विचारा. आज प्रत्येकाच्या फोनवर इशारा येतो, ही मोठी गोष्ट झाली. पण इशारा पाळून घरी बसलेल्या दिवसांचं मोल कोणीच धरत नाही. आणि ते धरलं नाही तर कर्जात बुडालेला एखादा नाखवा (नौकामालक) कधीतरी बावटा बघूनही नौका लोटेल, याची मला भीती वाटते.

देवगडचं बंदर डोंगराच्या कुशीत आहे म्हणून वादळात गुजरातपासून केरळ-तमिळनाडूपर्यंतच्या बोटी आसऱ्याला येतात. ओखीच्या वेळी तर दक्षिणेकडच्या कितीतरी बोटी इथे होत्या, गावाने त्या खलाशांना पेज-भात घातला. पण तौक्तेत याच बंदरात उभ्या असलेल्या बोटींचे दोर तुटले आणि खलाशी दगावले. आसऱ्याला आलेली माणसं बंदरात मरावीत, यापरतं दुःख नाही. हे आसऱ्याचं बंदर आहे असं शासनाने एकदा कागदावर मान्य करावं. मग त्याला लागणारे मजबूत बांधणखांब, पिण्याचं पाणी, रात्रीचा उजेड, खलाशांना उतरायला पक्की जागा, या गोष्टींना आपोआप निधीचं शीर्ष मिळेल. मत्स्यव्यवसाय विभागाला यापेक्षा वेगळं काही मागत नाही.

कृषी विभागाकडे मात्र आणखी एक मागणे आहे. विम्याची भरपाई महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते. आमच्या मंडळाचं केंद्र आमच्या सड्यापासून कितीतरी आत, डोंगराच्या आडोशाला आहे. समुद्रावरून येणारा वारा आमच्या कड्यावर जो आपटतो तो तिथे पोचेपर्यंत निम्मा होतो. एका एप्रिलमध्ये आमच्याकडे वाऱ्याने कैऱ्या झोडपल्या, मी तोडलेल्या नाही, पडलेल्या कैऱ्यांचे फोटो काढले, तारीख-वेळेसकट. केंद्रात त्या दिवशी वारा मर्यादेच्या आत होता. फोटो कुठेच लागू होत नाही. किनारपट्टीच्या मंडळांत निदान एक केंद्र समुद्राकडच्या सड्यावर हवं आणि त्याची जागा ठरवताना गावातल्या दोन बागायतदारांना सोबत घ्यावं. वारा कुठून येतो हे गुराख्याच्या पोरालाही ठाऊक असतं.

मुदत वाढवली तर हप्ता वाढेल, असं विमा कंपन्या सांगतील. वाढेल. जून जवळ येईल तसा पावसाचा धोका वाढतो, हे आम्हालाही समजतं, त्यासाठी भरपाईचे टप्पे वेगळे ठरवावे लागतील, पावसाची मर्यादा वेगळी ठेवावी लागेल. ते काम तज्ज्ञांचं. पण "१५ मेनंतर पाऊस येणारच, त्याला अवेळी कसं म्हणायचं" हा युक्तिवाद मला मान्य नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्यातला संततधार पाऊस कोकणात आजही अवेळीच आहे. आमच्या तोडीच्या वह्या माझ्याकडे लग्नाच्या आधीपासूनच्या आहेत. कोणत्या दिवशी कोणत्या कलमाचे किती आंबे उतरले, पेट्या कुठे गेल्या, सगळं सासऱ्यांच्या आणि नंतर माझ्या अक्षरात आहे. शेवटच्या तोडीचं पान काढलं की तारीख मेच्या शेवटच्या आठवड्यातली निघते. त्या पानांच्या झेरॉक्स मी या पत्राच्या टपालप्रतीला जोडल्या आहेत. गावातल्या इतरांच्याही वह्या आहेत. कोणी बघायला आलं तर आम्ही त्या खळ्यात मांडून ठेवू.

मदत व पुनर्वसन विभागाने नियंत्रण कक्ष आणि मान्सूनपूर्व कामांची तारीख किनारी तालुक्यांसाठी १ मे करावी आणि कक्ष डिसेंबर मध्यापर्यंत चालू ठेवावेत. पंचनाम्याच्या नमुन्यात कोकम, काजू, सुकी मासळी, वाळवणं यांच्यासाठी एक ओळ वाढवावी. या दोन गोष्टींना नवा पैसा फारसा लागत नाही.

आता कार्तिक चालू आहे. आज सकाळी सड्यावर जाऊन आले. निम्म्याहून जास्त कलमांना अजून लाल पालवी आहे, म्हणजे मोहोर यंदाही लांबणार आणि शेवटचा आंबा मेच्या पंचविशीपर्यंत जाणार. कोकणातल्या आंब्यासाठी विम्याचे अर्ज भरायची मुदत ३० नोव्हेंबर आहे. मी अर्ज भरणार आहे, हप्त्याचे पैसे काढून ठेवले आहेत. संरक्षणाची अखेरची तारीख १५ मे ऐवजी ३१ मे करणारं शुद्धिपत्रक त्याआधी निघू शकतं.

आपली नम्र,
एक आंबा बागायतदार
तालुका देवगड, जिल्हा सिंधुदुर्ग
नोव्हेंबर २०२५